पस्ती, आत्याची वही आणि ब्रॉन्क्सची लिओना



आमच्या बडोद्यात रद्दीला पस्ती म्हणतात. मराठी घरांतसुद्धा. पुण्याची सून आली की पहिले सहा महिने 'रद्दीवाला' म्हणते, मग तीही गॅलरीतून "ओ पस्तीवाला" अशी हाक मारायला लागते. आजची गोष्ट पस्तीची आणि न्यूयॉर्कच्या एका बाईची आहे. त्या बाईचा बडोद्याशी काडीचा संबंध नव्हता. पण तिच्यामुळे आमच्या घरातली एक जुनी खपली निघाली, म्हणून आधी घरचं थोडं सांगते.

१९७८ साली आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर सोडलं. आजोबा संस्थानी नोकरीतले. माळ्यावर त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक लाकडी पेटी, सगळी पुस्तकांनी भरलेली. जाड बांधणीची पुस्तकं काकामंडळींनी वाटून घेतली. मागे उरलं ते बारीकसारीक: पंचांगं, व्याख्यानांच्या पुस्तिका, नाटकांची हँडबिलं, कुठल्या कुठल्या सभांचे अहवाल, आरत्यांची आणि गाण्यांची चोपडी. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तिनं लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायची. ती म्हणाली, "जाड पुस्तकं कुठंही मिळतील रे. हे चोपडं टाकू नका." कुणी लक्ष दिलं नाही. नव्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती हे खरंच. पस्तीवाल्याच्या ताजव्यात ते गठ्ठे मीच ठेवले. बावीस वर्षांची होते. आलेल्या पैशांचा लीलो चेवडो आणला. आत्यानं तो खाल्ला नाही.

यानंतर तीसेक वर्षांनी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तकं डॉलरला एक अशी विकायला काढलेली. त्यात 'ओल्ड बुक्स, रेअर फ्रेंड्स' नावाचं पुस्तक मिळालं. दोन म्हाताऱ्या बायकांनी मिळून लिहिलेलं आत्मचरित्र: लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न. १९९७ साली ते छापलं तेव्हा लिओना अठ्ठ्याऐंशीची आणि मॅडेलिन पंच्याऐंशीची. दोघींचा धंदा दुर्मिळ पुस्तकांचा. जावई म्हणाला, "आई, बाहेर इतका छान उजेड आहे, चला फिरून येऊ." मी काही उठले नाही.

लिओनाचा जन्म १९०८चा, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर, घराणं मूळचं जर्मन ज्यू, घर ब्रॉन्क्समध्ये. मुलगी इतिहास शिकली आणि कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. विषय घेतला छापखानेवाल्यांचा. ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग गावात सोळाव्या शतकात जे मुद्रक होते, त्यांनी त्या काळच्या नव्या विचारांच्या प्रसाराला काय हातभार लावला, हा प्रश्न. हे स्ट्रासबुर्ग म्हणजे साधं गाव नव्हे. गुटेनबर्ग माइन्झला जाऊन बायबल छापण्याआधी काही वर्षं इथंच होता. लिओना तिथं जाऊन राहिली आणि जुनी छापील पानं चाळत बसली. तिचं म्हणणं असं की मुद्रक म्हणजे नुसता शाई फासणारा कारागीर नाही. काय छापायचं, कुणाचं छापायचं, कुठल्या भाषेत छापायचं, हे तो ठरवतो. त्याच्या घरी विद्वान येऊन राहतात, मुद्रितं तपासतात, भांडतात. विचार पसरतो तो या घरातून.

आपल्याला यात नवल वाटायला नको. जावजी दादाजींचं निर्णयसागर आठवा. टाइप पाडणारा माणूस, पण त्यानं पदरी शास्त्री-पंडित ठेवले, 'काव्यमाला' काढली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं संस्कृत वाचलं ते त्याच्या टाइपात. त्याला नुसता छापखानेवाला म्हणाल का?

पण लिओनाचे मार्गदर्शक लिन थॉर्नडाइक यांना ते पटलं नाही. मोठे गृहस्थ, जादू आणि प्रयोगविज्ञानाच्या इतिहासाचे आठ खंड त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी प्रबंध नाकारला. वर्षानुवर्षांचं काम, परदेशात काढलेले दिवस, सगळं परत हातात दिलं. तिशी आलेली, लग्न नाही, पदवी नाही. आपल्याकडे अशा मुलीला घरी काय काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तिकडेही फार वेगळं ऐकावं लागलं नसेल.

मग तिनं नोकरी धरली हर्बर्ट राइखनर यांच्याकडे. हा व्हिएन्नाचा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक. स्टीफन झ्वाइगची पुस्तकं छापणारा, पुस्तकशौकिनांसाठी मासिक चालवणारा. नाझींमुळे देश सोडून न्यूयॉर्कला आलेला. ज्ञान अफाट आणि स्वभाव तापट. त्याच्याकडे लिओनानं पाच वर्षं काढली. टपाल, टंकलेखन, पार्सलं बांधणं, बोलणी खाणं. आणि हे करता करता ती धंदा शिकली.

हा धंदा काय असतो ते जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला ते पुस्तक वाचेपर्यंत कल्पना नव्हती. मला वाटायचं, जुनं म्हणजे महाग. तसं नसतं. चारशे वर्षांपूर्वीचं पुस्तकही मातीमोल असू शकतं, आणि एखादं आठ पानी चोपडं ग्रंथालयाला हवंहवंसं वाटू शकतं. पुस्तक हातात आलं की आधी ते पुरं आहे का ते बघायचं. जुन्या काळी मोठा कागद छापून घडी घालत, त्या घड्यांच्या जुड्या शिवत. प्रत्येक जुडीच्या पहिल्या पानांवर तळाशी एक अक्षर असतं, अ, ब, क असं. ती अक्षरं मोजत गेलं की मधली पानं गळली आहेत का ते कळतं. मग कागद उजेडावर धरायचा. त्यात कागद बनवणाऱ्याची खूण दिसते. मग टाइप बघायचा. सोळाव्या शतकातले मुद्रक आपापली खूण छापत, व्हेनिसच्या आल्डसची नांगराला वेढलेल्या डॉल्फिनची खूण तर प्रसिद्धच. पण मुद्रकाचं नाव आणि गाव मुद्दाम लपवलेली किंवा खोटी घातलेलीही पुस्तकं असत. सरकारची किंवा धर्मसत्तेची भीती. अशा वेळी अक्षराचं वळण, वेलबुट्टी, एखादा मोडका टाइप यावरून ओळखायचं की हे कुठल्या छापखान्यातलं असावं.

आणि हे सगळं त्या नाकारलेल्या प्रबंधासाठी लिओनानं आधीच शिकून घेतलं होतं! विद्यापीठाला जे ज्ञान बिनमहत्त्वाचं वाटलं, तेच या धंद्यातलं भांडवल. बोटांनाच कळतं, पानाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं दोघी म्हणायच्या. त्याला जर्मनमध्ये एक लांबलचक शब्द आहे, 'फिंगरश्पिट्झनगेफ्यूल'. माझी जीभ अजून त्याच्याभोवती वळत नाही.

मॅडेलिन तिला भेटली होती १९३०च्या सुमारास. दोघी विशीच्या अलीकडे-पलीकडे. मॅडेलिन इंग्रजी साहित्याची, शाळेत शिकवणारी. ती लुइझा मे अल्कॉटचं चरित्र लिहायच्या तयारीत होती. ही अल्कॉट कोण म्हणून विचाराल, तर 'लिट्ल विमेन'ची लेखिका, म्हणजे आपल्या शांताबाई शेळक्यांनी जिचं 'चौघीजणी' केलं ती. आपल्यापैकी किती जणींनी ते सुट्टीत माळ्यावर बसून वाचलंय! त्यातली ज्यो आठवते? पैशांसाठी ती वर्तमानपत्राला भडक, रक्तरंजित गोष्टी लिहिते आणि घरच्यांपासून लपवते. वाचताना सगळ्यांना वाटायचं, लेखिकेनं स्वतःही असं काही केलं असेल का? पुरावा कुणाकडेच नव्हता.

१९४२ साली दोघी हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत अल्कॉट घराण्याचे कागद बघायला गेल्या. मॅडेलिन एका बाजूला, लिओना दुसऱ्या. लिओनाच्या हाती पाच पत्रं आली. बॉस्टनच्या एका स्वस्त साप्ताहिकवाल्या प्रकाशकाची, १८६०च्या दशकातली, लुइझाला लिहिलेली. धंद्याची साधी पत्रं: गोष्ट आवडली, इतके पैसे देऊ, आणखी पाठवा, आणि ए. एम. बर्नार्ड हेच नाव ठेवायचं का? टोपणनाव सापडलं. कुठल्या गोष्टी, कुठे छापल्या, तेही सापडलं. त्या शांत वाचनखोलीत दोघी ओरडल्याच. पुढच्या वर्षी लिओनानं हा शोध एका ग्रंथसूचीविषयक नियतकालिकात छापला. साऱ्या जगात युद्ध पेटलेलं, फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या गोष्टी पुस्तकरूपानं मॅडेलिननं १९७५ मध्ये बाहेर आणल्या, 'बिहाइंड अ मास्क' या नावानं, तेव्हा कुठं गाजावाजा झाला. सोज्वळ 'चौघीजणी'वाली बाई अफू, सूड आणि कारस्थानी नायिका यांवर लिहीत होती, आणि त्या पैशांवर घर चालवत होती. वडील तत्त्वज्ञ, कमाई यथातथाच.

मला यात आवडलं ते हे की एवढा मोठा शोध लागला तो हिशेबाच्या पत्रांतून. कवितेतून नाही, रोजनिशीतूनही नाही. 'किती पैसे देऊ' असल्या मजकुराचा कागद आपण पहिल्यांदा फाडतो.

१९४४ मध्ये लिओनानं राइखनरची नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढलं. दुकान म्हणजे काय, ब्रॉन्क्सच्या राहत्या घरात कपाटं. नाव मात्र ठसठशीत: 'लिओना रोस्टेनबर्ग, दुर्मिळ पुस्तके'. या धंद्यात तेव्हा पुरुषांची चलती. बायका असत त्या बहुतेक करून मालकाची बायको किंवा कारकून म्हणून. पुढच्याच वर्षी मॅडेलिननं शाळेची पक्की नोकरी सोडली आणि तीही आली. तिच्या घरच्यांना काय वाटलं असेल! दोघींनी उरलेलं आयुष्य एकत्र काढलं. यावरून लोकांनी काय काय विचारलं, आणि दोघींनी ही मैत्री आहे असं सांगितलं. माझ्या मते ते पुरेसं आहे.

धंदा चाले तो सूचीपत्रांवर. आपण ज्याला कॅटलॉग म्हणतो ते. पण यांची सूचीपत्रं म्हणजे नुसती नावं आणि किमती नव्हेत. हे पुस्तक कुणी छापलं, का छापलं, त्या वर्षी त्या गावात काय चाललं होतं, कुणाचं बोलणं त्यात खोडून काढलंय, असं सगळं चार-आठ ओळींत. ग्रंथपाल ती वाचत आणि पत्र टाकत. युद्धानंतर अमेरिकेतली विद्यापीठं आपापली ग्रंथालयं भरत होती, युरोपातल्या जुन्या छापील साहित्याला मागणी होती. ज्या विषयावर पदवी नाकारली गेली त्याच विषयाचा माल आता ही बाई विद्यापीठांना विकत होती.

१९४७ साली दोघी पहिल्यांदा खरेदीला लंडनला गेल्या. तेव्हाचं लंडन म्हणजे ढिगारे आणि रेशन. पुस्तकवाल्यांची जुनी गल्ली पॅटरनॉस्टर रो १९४०च्या डिसेंबरात एका रात्रीत जळालेली, लाखो पुस्तकांची राख. जे वाचलं ते विक्रेत्यांच्या तळघरांत, धूळ खात. दोघी बाया शिड्यांवर चढून, तळघरांत वाकून, हात काळे करून शोधत. आणि बघा, त्यांचा जीव कशावर? मोठमोठ्या चामडी ग्रंथांवर नाही. त्यांना आवडायची पातळ चोपडी. पत्रकं, जाहीरनामे, बातमीपत्रं, एखाद्या लढाईची किंवा राजाच्या लग्नाची चार पानं, सरकारी हुकूम, वादविवादाच्या पुस्तिका.

कारण सरळ आहे. जाड ग्रंथ कपाटात राहतो, म्हणून टिकतो. चोपडं वाचलं जातं, हातोहात फिरतं, त्यात पुडी बांधली जाते, चुलीत जातं. छापल्या असतील हजार, उरते एक. ज्या काळात जे लोक खरोखर वाचत होते, ते त्या चोपड्यात असतं.

इथं मी पुस्तक मिटलं. आत्याचं वाक्य आठवलं. तिनं लिओनाचं नावही ऐकलं नव्हतं.

गोव्याच्या मंडळींना हे जास्त कळेल. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा छापलं. आपल्या भाषेतला एवढा मोठा ग्रंथ, पण त्या छापील आवृत्त्यांची एक प्रतही हाती नाही. जे टिकलं ते हस्तलिखितांमुळे. लिओनासारखी कुणी वेळेवर एखाद्या तळघरात वाकली असती तर, असं मनात येतंच.

पुढची हकिकत भराभर सांगते. अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची संघटना १९४९ मध्ये झाली. तिनं पुस्तकांचा मेळा भरवावा म्हणून मॅडेलिननं पिच्छा पुरवला आणि १९६० साली न्यूयॉर्कला पहिला मेळा भरला. लिओना १९७२ ते १९७४ त्या संघटनेची अध्यक्ष होती. दरम्यान धंदा सांभाळून तिची स्वतःची संशोधनाची पुस्तकं निघत होती, इंग्लंडमधले मुद्रक, चित्रं छापणारे, राजसत्तेच्या विरोधात लपूनछपून चालणारे छापखाने यांवर. पुन्हा छापखानेवालेच. बाईनं विषय सोडला नाही.

आणि १९७३ साली कोलंबिया विद्यापीठानं तिला पीएच.डी. दिली. या छापील पुस्तकांच्या आधारावर. वय चौसष्ट. मी वाचताना हिशेब केला, प्रबंध परत आल्याला तीस वर्षांवर होऊन गेली होती. लेकीला म्हटलं, "बघ गं, दिली शेवटी." ती म्हणाली, "आई, पण आता त्याचा उपयोग काय?" मला उत्तर सुचलं नाही. पण मिळाली ते बरंच झालं.

तिच्या कामातलं मला सगळ्यात भिडलेलं पुस्तक त्या नंतरचं, १९८९चं. तेव्हा ती ऐंशीची. विषय रॉबर्ट हूकचं ग्रंथालय. हूक म्हणजे शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तो, ज्यानं बुचाच्या कापात 'सेल' पाहिली आणि तिला नाव दिलं तो. तो १७०३ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी त्याच्या पुस्तकांचा लिलाव झाला. पुस्तकं चहूकडे पांगली. पण लिलावाची यादी उरली. आणि हूकची रोजनिशी उरली, ज्यात आज अमक्या दुकानातून अमकं पुस्तक इतक्याला घेतलं असल्या नोंदी आहेत. ही यादी आणि तो पैशांचा हिशेब समोर ठेवून लिओनानं तो माणूस काय वाचत होता, कुणाकडून घेत होता, त्या वेळच्या लंडनमधला विज्ञानाच्या पुस्तकांचा बाजार कसा होता, ते सगळं उभं केलं.

२००५च्या मार्चमध्ये लिओना गेली, शहाण्णवाव्या वर्षी. २००७च्या ऑगस्टमध्ये मॅडेलिन, पंच्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे मला ते पुस्तक डॉलरला मिळालं तेव्हा दोघी नुकत्याच गेलेल्या होत्या.

आता परत घरी येते. बडोद्याला आल्यावर मी आत्याची पेटी उघडली. आत्या जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पेटीत दोन नऊवारी, चष्मा आणि एक लांबट हिशेबाची वही. मला ती दुधाच्या हिशेबाची वाटायची, म्हणून कधी उघडली नव्हती. ती माळ्यावरच्या पुस्तकांची यादी निघाली. एकेका नोंदीपुढं नाव, कुठं छापलं, कुणाचा छापखाना, शके किंवा सन, किती पानं. छापखान्याचं नाव तिनं कुठंही सोडलेलं नाही. हे तिला कुणी शिकवलं असेल? आमच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना बोलावून इथं ग्रंथालयांची घडी बसवली, गावोगाव वाचनालयं निघाली. आत्या लहानपणी आजोबांचं बोट धरून मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीत जायची, तिथल्या काचेच्या फरशीवरून चालायला घाबरायची असं सांगायची. तिथं कुठंतरी नोंदवहीचा नमुना बघितला असेल.

वहीत दोनशे चौदा नोंदी आहेत. शेवटच्या पानांवर शाई बदललेली आहे, म्हणजे घर सोडायचं ठरल्यावर घाईनं लिहिलेल्या असणार. आम्ही वरून गठ्ठे उतरवत होतो आणि ती खाली बसून लिहीत होती. मला वाटलं होतं, रुसून बसली आहे.

गेली काही वर्षं मी ती वही घेऊन बसते. ज्या नोंदीचं पुस्तक कुठल्या तरी ग्रंथालयात सापडतं तिच्यापुढं पेन्सिलीनं खूण करते. जाड पुस्तकं भराभर सापडली, आत्या म्हणाली होती तशीच. चोपड्यांपैकी आजवर अकरा सापडली. नोंद एकशे सत्त्याऐंशी मात्र कुठं मिळत नाही. बायकांच्या गाण्यांचं सोळा पानी चोपडं, बडोद्यात छापलेलं, सन फाटलेलं. पुढं आत्यानं लिहिलंय: 'वेष्टण नाही. शेवटच्या पानावर आईच्या हातची दोन गाणी.' बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कुठंही कुणाच्या माळ्यावर असं सोळा पानांचं गाण्यांचं चोपडं असेल, तर पस्तीत घालायच्या आधी एकदा शेवटचं पान बघा आणि मला कळवा.